‘हेट’, ‘डिटेस्ट’, ‘लोद’, ‘ॲभॉर’, ‘डिस्पाइज’: तीव्र नावड इंग्रजीत नेमकी कशी सांगायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘एखादी गोष्ट अजिबात आवडत नाही हे इंग्रजीत सांगताना मला “हेट”पलीकडे काही सुचत नाही. शब्दकोशात “डिटेस्ट”, “लोद”, “ॲभॉर”, “डिस्पाइज” सगळ्यांसमोर “तिरस्कार करणे” एवढंच दिलेलं असतं. यातला सगळ्यात जोरदार शब्द कोणता, आणि ऑफिसच्या लिखाणात कोणता चालेल?’

‘सगळ्यात जोरदार कोणता’ हा भाग आधी बाजूला ठेवते. मी बरीच वर्षं मराठी-इंग्रजी भाषांतर करते आणि नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी लिहायला शिकवते. या शब्दांपाशी जवळजवळ सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते. हे शब्द म्हणजे शिडीच्या पायऱ्या आहेत असं धरलं जातं: खाली ‘डिसलाइक’, मग ‘हेट’, मग ‘डिटेस्ट’, आणि अगदी वर ‘ॲभॉर’. राग मोठा असेल तर वरची पायरी गाठायची. त्यातून तयार होणारी वाक्यं व्याकरणात बरोबर असतात, पण कानाला खोटी वाटतात. ‘आय ॲभॉर ट्रॅफिक’ म्हणणारा माणूस फार चिडलेला वाटत नाही, नाटकी वाटतो.

हे शब्द जोराने वेगळे होत नाहीत, जातीने होतात. आणि ही जात ओळखायला तुम्हाला इंग्रजी शिकावं लागणार नाही, कारण मराठीत तुम्ही ती रोज ओळखता. कुजकट वासाने शिसारी येते. खोटेपणाची चीड येते. लाळघोट्या माणसाबद्दल तुच्छता वाटते. तेच तेच काम करून वीट येतो. जुन्या अपमानाचा डूख धरला जातो. एखाद्याबद्दल काही कारण नसताना मनात अढी बसते. वासाचा डूख धरला किंवा अपमानाची शिसारी आली असं आपण कधीही म्हणत नाही. प्रत्येक नावडीचा उगम वेगळा आहे, हे आपल्या जिभेला पक्कं माहीत आहे. इंग्रजीतही असाच उगम पाहायचा. ही नावड शरीरातून आली आहे, तत्त्वातून आली आहे, वरून खाली पाहण्यातून आली आहे, की अन्यायाच्या सलातून? एवढं ठरलं की शब्द दोन-तीनच उरतात.

‘हेट’पासून सुरुवात करू, कारण त्याला वाईट ठरवून टाकून देण्याची एक पद्धत पडली आहे आणि ती मला पटत नाही. ‘हेट’ हा जुन्या इंग्रजीतला अस्सल घरचा शब्द आहे, लॅटिनमधून आलेला नाही, आणि बोलण्यात त्याला पर्याय नाही. फक्त त्याचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवायचं: त्याचं वजन कर्मावर ठरतं. ‘आय हेट मंडेज’ म्हणजे काहीच नाही, नुसती कुरकुर. ‘आय हेट वेटिंग’ म्हणजे वाट पाहायचा कंटाळा. पण तेच क्रियापद माणसाला लागलं, ‘शी हेट्स हर ब्रदर’, की वाक्य एकदम जड होतं. ऐकणारा लगेच विचार करतो की या दोघांत एवढं काय झालं असेल. आणि माणसांच्या समूहाला लागलं की ते कायद्याच्या भाषेत शिरतं: ‘हेट स्पीच’, ‘हेट क्राइम’. तिथे कुरकुरीचा मागमूस नाही, तिथे द्वेष आहे. त्यामुळे वस्तू, हवामान, कामं, सवयी यांच्यासाठी ‘हेट’ बिनधास्त वापरा. माणसासाठी वापरताना थांबा आणि स्वतःला विचारा की मराठीत मी इथे ‘द्वेष’ म्हणालो असतो का. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. आपल्याला म्हणायचं असतं ‘मला तो सहन होत नाही’, आणि त्यासाठी ‘आय कान्ट स्टँड हिम’ तयार आहे.

‘हेट’ची आणखी एक बाजू मराठी माणसाला चकवते. ‘आय हेट टू बॉदर यू, बट…’ यात तिरस्कार औषधालाही नाही. ‘तुम्हाला त्रास द्यायला बरं वाटत नाही, पण…’ एवढाच त्याचा अर्थ, म्हणजे ती नम्रता आहे. ‘आय हेट टू से धिस’ म्हणजे ‘सांगायला जड जातंय’. आणि ‘आय वुड हेट टू लूज यू’ हे तर जवळपास प्रेमाचं वाक्य आहे.

वाक्यरचनेत एक चूक फार दिसते. ‘आय हेट व्हेन पीपल लाय’ असं बोलण्यात पुष्कळ जण म्हणतात, पण लिहिताना मध्ये ‘इट’ हवा: ‘आय हेट इट व्हेन पीपल लाय’. आणि ‘आय व्हेरी हेट’ असं कधीच होत नाही. ‘व्हेरी’ क्रियापदाला लागत नाही. ‘आय रिअली हेट’ किंवा ‘आय ॲब्सोल्यूटली हेट’ म्हणा. ‘डिसलाइक’ला मात्र ‘स्ट्राँगली’ किंवा ‘इन्टेन्सली’ शोभतं.

‘कान्ट स्टँड’ आणि ‘कान्ट बेअर’ जुळे वाटतात, पण पूर्ण जुळे नाहीत. ‘कान्ट स्टँड’मध्ये जवळजवळ नेहमी चीड असते. ‘कान्ट बेअर’मध्ये चीड असू शकते, तशीच माया आणि दुःखही असू शकतं. ‘आय कान्ट बेअर टू सी हिम सफर’ म्हणजे त्याचे हाल मला पाहवत नाहीत, आणि ते त्याच्यावर जीव आहे म्हणून. इथे ‘कान्ट स्टँड’ घातलं तर अगदी चूक होत नाही, पण त्या वाक्यातली कणव पातळ होते. भाषांतर करताना ‘पाहवत नाही’, ‘सोसवत नाही’ आलं की माझा हात ‘बेअर’कडे जातो. ‘डोक्यात जातो’, ‘नकोसा झालाय’ आलं की ‘स्टँड’कडे.

आता शरीरातून येणारी नावड. हा भाग मला सगळ्यात समृद्ध वाटतो आणि इथेच थोडं रेंगाळते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रौद्र रसाचा स्थायीभाव क्रोध आहे आणि बीभत्साचा जुगुप्सा. म्हणजे राग आणि किळस या दोन निराळ्या भावना आहेत हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून मांडून ठेवलेलं आहे. इंग्रजीतला ‘डिसगस्ट’ हा सरळ या जुगुप्सेचा शब्द. त्याच्या पोटात लॅटिन ‘गुस्तुस’ म्हणजे चव आहे. तोंडातली चव बिघडणं हे त्याचं मूळ. चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर पुस्तक लिहिलं, त्यात तो एक प्रसंग सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोमध्ये, तो टिकवलेलं थंड मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला स्पष्ट किळस आली. इकडे डार्विनला त्या परक्या माणसाचं बोट आपल्या अन्नाला लागल्याची किळस आली, त्याचे हात घाण दिसत नव्हते तरी. दोघांपैकी कुणीही चिडलेलं नाही, कुणाचंही कुणाशी वैर नाही. हेच ‘डिसगस्ट’. त्यात भांडण नसतं, अंग मागे सरतं.

याच कुळातलं क्रियापद ‘लोद’. ‘लोद’ म्हणजे नुसतं फार ‘हेट’ नव्हे. त्यात किळसेचा अंश मिसळलेला असतो, समोरची गोष्ट जवळसुद्धा नको अशी भावना असते. म्हणून स्वतःबद्दलच्या घृणेला इंग्रजीत ‘सेल्फ-लोदिंग’ हा शब्द रुळला आहे. माणसाला स्वतःच्याच कातडीत राहणं नकोसं होतं ती अवस्था. मराठीत ‘तिटकारा’ हा मला ‘लोद’च्या सर्वांत जवळचा वाटतो. ‘ही लोद्स द साउंड ऑफ हिज ओन व्हॉइस’, त्याला स्वतःच्याच आवाजाचा तिटकारा आहे. इथे ‘हेट्स’ चालेल, पण ‘लोद्स’ अंगावर येईल.

या शब्दाच्या शेजारी एक खड्डा आहे. स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ असेल तर ते क्रियापद, आणि शेवटचा उच्चार मऊ, ‘द’कडे झुकणारा. ‘ई’ नसेल तर तो निराळा शब्द, ‘लोथ’: विशेषण, उच्चार ‘थ’कडे झुकणारा, आणि अर्थ फक्त ‘नाखूष’, ‘मन धजत नसलेला’. ‘आय ॲम लोथ टू ॲडमिट इट’ म्हणजे ‘कबूल करायला जीवावर येतंय’. तिथे ‘ई’ लावला तर वाक्य मोडतं. चांगल्या चांगल्या लेखकांच्या मजकुरात ही चूक सापडते, म्हणून मी संपादन करताना हा शब्द दिसला की थांबतेच.

‘डिसगस्ट’च्या विशेषणांत तर अर्थच उलटा होतो. ‘आय ॲम डिसगस्टेड’ म्हणजे मला किळस आली. ‘आय ॲम डिसगस्टिंग’ म्हणजे मी किळसवाणा आहे. ‘रिव्होल्टिंग’, ‘रिपल्सिव्ह’, ‘नॉशिएटिंग’ हे सगळे त्याच घरातले. ‘नॉशिया’त तर ग्रीक ‘नाउस’ म्हणजे जहाज आहे, आपल्या ‘नौ’चं सख्खं भावंड, कारण ती मळमळ मुळात बोट लागण्याची. हे शब्द वास, दृश्य, जखम, घाण यांना लावा. नैतिक गोष्टींनाही ते लागतात, पण तेव्हाच जेव्हा ती गोष्ट ऐकून खरोखर पोटात ढवळतं: लहान मुलांचा छळ, मृतांची विटंबना. फाइल उशिरा आली म्हणून कुणी ‘डिसगस्टिंग’ लिहिलं तर वाचणाऱ्याला फाइलला कसला तरी वास येत असावा असं वाटेल.

तत्त्वातून येणाऱ्या नावडीसाठी ‘ॲभॉर’ आणि ‘डिटेस्ट’. ‘ॲभॉर’च्या आत लॅटिन ‘होर्रेरे’ आहे, अंगावर काटा येणे, केस ताठ उभे राहणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘हृष्’शी जोडतात. तिथेही केस उभे राहणंच आहे; आपण त्यातून ‘रोमहर्षक’ घेतलं आणि पुढे आनंदाकडे गेलो, लॅटिन भीतीकडे गेली. आजच्या इंग्रजीत ‘ॲभॉर’ माणसांना फारसा लागत नाही. तो हिंसा, क्रौर्य, गुलामगिरी, ढोंग यांना लागतो आणि त्यात बोलणाऱ्याची नैतिक भूमिका असते. ‘शी ॲभॉर्स व्हायोलन्स’ म्हणजे तिला हिंसेची भीती वाटते असं नाही, तर हिंसा तिच्या तत्त्वात बसत नाही. विशेषण ‘ॲभॉरंट’ लेख, निवेदनं, निकालपत्रं यांत शोभतं, गप्पांत नाही. ‘नेचर ॲभॉर्स अ व्हॅक्यूम’ हे जुनं वाक्यही याच शब्दाचं. निसर्गाला पोकळी चालतच नाही, ती त्याच्या नियमात बसत नाही, हा भाव ‘हेट’ने आला नसता.

‘डिटेस्ट’च्या मुळाशी साक्ष आहे. लॅटिनमध्ये ‘तेस्तिस’ म्हणजे साक्षीदार; ‘टेस्टिफाय’, ‘टेस्टिमनी’ त्याच घरचे. देवाला साक्षी ठेवून एखाद्याला शाप द्यायचा, असा त्याचा जुना अर्थ. आजच्या वापरातही मला त्याची छाया दिसते: ‘डिटेस्ट’ म्हणणारा माणूस क्षणिक चिडलेला नसतो. त्याने ती गोष्ट ओळखून, पारखून, कायमची नापसंत ठरवलेली असते. ‘आय डिटेस्ट गॉसिप’ हा स्वभावाचा दाखला आहे. व्याकरणाची एक सोय: ‘डिटेस्ट’ आणि ‘लोद’ यांच्यापुढे ‘इंग’चं रूप घ्यायचं. ‘आय डिटेस्ट वेटिंग’ बरोबर, ‘आय डिटेस्ट टू वेट’ खटकतं. ‘डिसलाइक’लाही हाच नियम. दोन्ही रूपं सहज चालतात ती ‘हेट’ला.

आता वरून खाली पाहणं. माझ्या मते मराठी लेखकांकडून सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ‘डिस्पाइज’ हा ‘हेट’चा मोठा भाऊ समजला जातो, आणि तो तसा नाही. त्याचं लॅटिन मूळ म्हणजे अक्षरशः ‘खाली पाहणे’. ज्याला आपण ‘डिस्पाइज’ करतो त्याची आपल्या मनात काही किंमत उरलेली नसते. माणूस आपल्या तोलामोलाच्या शत्रूला ‘हेट’ करेल, त्याला भिईल, त्याच्या बुद्धीचं कौतुकही करेल. पण पाठीत खंजीर खुपसणाऱ्या भेकडाला तो ‘डिस्पाइज’ करेल. इथे वर-खाली म्हणजे पद किंवा पैसा नव्हे. साधा कर्मचारी आपल्या क्रूर वरिष्ठाला ‘डिस्पाइज’ करू शकतो, कारण नीतीच्या मापाने तो वरिष्ठच खाली आहे.

याचं नाम म्हणून इंग्रजी लेखक सहसा ‘कंटेम्प्ट’ वापरतात. ‘फॅमिलिॲरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट’ म्हणजे आपलं ‘अतिपरिचयादवज्ञा’. या सुभाषितात द्वेष नाही, अवज्ञा आहे, आणि ‘कंटेम्प्ट’चा अर्थ यापेक्षा नेमका कुठे सापडणार नाही. ‘कंटेम्प्ट ऑफ कोर्ट’ला आपण न्यायालयाचा ‘अवमान’ म्हणतो, ‘द्वेष’ म्हणत नाही, तेही याच कारणाने. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवराबायकोंच्या बोलण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला, आणि संसार मोडण्याची सर्वांत ठळक खूण म्हणून त्याने बोट ठेवलं ते ‘कंटेम्प्ट’वर. रागावर नाही. भांडणारी जोडपी टिकतात. एकमेकांकडे पाहून डोळे फिरवणारी, ओठ वाकडे करणारी टिकणं अवघड. कादंबरीत किंवा पटकथेत पात्रांचं नातं लिहिताना ‘हेट्रेड’ लिहायचं की ‘कंटेम्प्ट’ यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आणि इथे दोन विशेषणं अशी आहेत की त्यांची अदलाबदल झाली तर गुन्हेगार बदलतो. ‘कंटेम्प्टिबल’ म्हणजे तुच्छ लेखण्याच्या लायकीचा. ‘कंटेम्प्चुअस’ म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखणारा. ‘हिज टोन वॉज कंटेम्प्चुअस’, त्याच्या स्वरात तुच्छता होती. ‘हिज कंडक्ट वॉज कंटेम्प्टिबल’, त्याचं वागणं नीच होतं. तक्रारीच्या पत्रात हे उलटसुलट झालं तर तुम्ही जे म्हणताय ते भलतंच होऊन बसतं.

‘डिसडेन’ आणि ‘स्कॉर्न’ याच रांगेतले. ‘डिसडेन’ थंड असतं: नाक मुरडणं, ढुंकून न पाहणं. ‘स्कॉर्न’ बोलकं असतं: हेटाळणी, चारचौघांत उडवलेली खिल्ली. एवढा फरक पुरे.

अन्यायाच्या सलातून येणाऱ्या नावडीला मराठी माणूस इंग्रजीत बहुतेक वेळा नावच देत नाही, आणि मला याची खंत वाटते, कारण रोजच्या आयुष्यात हीच नावड सर्वांत जास्त असते. तिच्यासाठी शब्द आहे ‘रिझेंट’. तुमचं श्रेय दुसऱ्याने घेतलं, घरातली सगळी कामं तुमच्याच गळ्यात पडली, तुमच्याहून कमी अनुभवाच्या माणसाला बढती मिळाली. तुम्ही त्या व्यक्तीला ‘हेट’ करत नाही, कदाचित तिच्यावर तुमचा लोभही असेल. पण आत काहीतरी सलतं. ‘आय रिझेंट हॅविंग टू डू एव्हरीथिंग माय्सेल्फ.’ इथे ‘हेट’ घातलं तर ती कामाची नावड होते. ‘रिझेंट’ घातलं की अन्यायाची जाणीव येते. तो सल माणूस धरून बसला, वर्षं गेली तरी सोडला नाही, की त्याचा होतो ‘ग्रज’, आपला डूख किंवा आकस. ‘ही होल्ड्स अ ग्रज अगेन्स्ट मी’, त्याने माझ्यावर डूख धरलाय. क्रियापद ‘होल्ड’ किंवा ‘बेअर’, आणि पुढे ‘अगेन्स्ट’.

वीट येण्यासाठी ‘सिक ऑफ’, ‘फेड अप विथ’, ‘सिक अँड टायर्ड ऑफ’ हे बोलीतले प्रयोग आहेत, त्यांत अवघड काही नाही. फक्त त्यांना आधीच्या अतिपरिचयाची गरज असते. जी गोष्ट तुम्ही आजच पहिल्यांदा पाहिली तिचा वीट येत नाही, तसं तिला ‘फेड अप’ही होता येत नाही.

कारण नसलेल्या अढीसाठी ‘ॲव्हर्जन’ आणि ‘ॲन्टिपथी’. ‘ॲव्हर्जन’ वस्तूंनाही चालतं, ‘ॲन्टिपथी’ सहसा माणसांना आणि कल्पनांना. ‘ही टुक ॲन इन्स्टंट डिसलाइक टू हर’ हा मला फार आवडणारा प्रयोग आहे. पहिल्या भेटीतच ती त्याच्या मनातून उतरली, असा त्याचा भाव, आणि त्यात ‘डिसलाइक’ हा मवाळ शब्द असूनही वाक्य पुरेसं धारदार आहे.

आता ऑफिसचं लिखाण. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरांत ज्या प्रकारचं पत्र वारंवार दिसतं, त्याचा नमुना देते: ‘आय हेट द न्यू शिफ्ट सिस्टिम. इट इज व्हेरी डिसगस्टिंग. आय कान्ट स्टँड द वे माय मॅनेजर टॉक्स टू मी.’ तीन वाक्यं, तिन्हींत भावना खरी, आणि तिन्हींचा उपयोग शून्य. वाचणारा अधिकारी यातून एवढंच शिकतो की लिहिणारा चिडला आहे.

पहिल्या वाक्यात ‘हेट’ काढला आणि विचारलं की नेमकं काय नको आहे? उत्तर आलं की सलग रात्रपाळ्या. मग वाक्य झालं: ‘आय हॅव सीरियस कन्सर्न्स अबाउट बॅक-टू-बॅक नाइट शिफ्ट्स.’ दुसऱ्या वाक्यातलं ‘डिसगस्टिंग’ शरीराचं आहे, वेळापत्रकाला लागत नाही. तिथे ‘अनवर्केबल’ बसतं, पण पुढे कारण लिहिलं तरच, नाहीतर तेही रिकामं. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तिथे ‘कान्ट स्टँड’ म्हटलं की तक्रार लिहिणाऱ्याच्या सहनशक्तीची होते. ‘आय स्ट्राँगली ऑब्जेक्ट टू बीइंग शाउटेड ॲट इन फ्रंट ऑफ कलीग्ज’ म्हटलं की ती मॅनेजरच्या वागण्याची होते. राग तेवढाच आहे, पण आता तो आक्षेप झाला आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. ‘ऑब्जेक्ट टू’ याच्यापुढेही ‘इंग’चं रूप येतं, हे इथे निसटतं. औपचारिक लिखाणात तीव्र नावडीसाठी माझे विश्वासाचे प्रयोग हेच: ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अनॲक्सेप्टेबल’, ‘सीरियस कन्सर्न्स’, ‘डीपली डिसअपॉइंटेड’. त्यांत ‘लोद’, ‘डिस्पाइज’ यांना जागा नाही.

सौम्य बाजूचाही थोडा सराव हवा, कारण इंग्रजी बोलणारे, विशेषतः ब्रिटिश, पुष्कळदा तीव्र नावड मऊ शब्दांत सांगतात. ‘आय ॲम नॉट कीन ऑन इट’, ‘इट इज नॉट माय कप ऑफ टी’, ‘आय डोन्ट मच केअर फॉर हिम’. शेवटच्याकडे नीट पाहा. ‘आय डोन्ट केअर’ म्हणजे मला फरक पडत नाही. ‘आय डोन्ट केअर फॉर इट’ म्हणजे मला ते आवडत नाही. एका ‘फॉर’ने बेफिकिरीची नापसंती होते, आणि अगदी मऊ आवाजात म्हटलेलं ‘आय डोन्ट मच केअर फॉर हिम’ हे कधी कधी पक्का नकार असतो.

तरुण पिढीच्या बोलण्यातले ‘क्रिंज’, ‘ग्रोस’, ‘इक’ हे जिवंत शब्द आहेत, बोला, पण औपचारिक मजकुरात नकोत. दुसऱ्या टोकाला ‘ॲबॉमिनेट’ आणि ‘एक्सिक्रेट’ ही क्रियापदं. ती समजली पाहिजेत, वापरायची गरज जवळजवळ पडत नाही. ‘ॲबॉमिनेबल’ मात्र हिममानवामुळे सगळ्यांच्या ओळखीचा झाला. १९२१ च्या एव्हरेस्ट पाहणी मोहिमेच्या बातमीत हेन्री न्यूमन या पत्रकाराने ‘ॲबॉमिनेबल स्नोमॅन’ हे नाव रूढ केलं, आणि तेही स्थानिक शब्दाच्या चुकीच्या भाषांतरातून. ‘अशुभ म्हणून टाळण्याजोगा’ असा मूळ अर्थ असलेलं विशेषण त्या बिचाऱ्या प्राण्याला कायमचं चिकटलं.

शब्दयोगी अव्ययांचं गणित पाठ करावंच लागतं, त्याला तर्क नाही: ‘हेट्रेड ऑफ’ किंवा ‘फॉर’, ‘कंटेम्प्ट फॉर’, ‘डिसडेन फॉर’, ‘ॲव्हर्जन टू’, ‘ॲन्टिपथी टुवर्ड्स’, ‘डिसगस्टेड बाय’ किंवा ‘विथ’. ‘कंटेम्प्ट टू’ आणि ‘ॲव्हर्जन फ्रॉम’ ही आपल्याकडची नेहमीची घसरण.

राहिला शब्दकोशांचा प्रश्न. पीटर मार्क रॉजेटचा समानार्थी शब्दांचा संग्रह १८५२ मध्ये निघाला. तो आणि त्याच्या वळणावरचे आजचे ऑनलाइन थिसॉरस हे विसरलेला शब्द आठवून देण्यासाठी उत्तम आहेत. पण जो शब्द तुम्ही कधी वाक्यात पाहिलेलाच नाही तो तिथून उचलू नका. तिथे ‘डिस्पाइज’ आणि ‘लोद’ शेजारी बसलेले असतात, आणि त्यांच्यातला फरक कुणी सांगत नाही. त्याऐवजी आधी मराठीत ठरवा की मला काय वाटतंय: शिसारी, चीड, तुच्छता, वीट, आकस की अढी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, विशेषतः १८५७ ची दुसरी आवृत्ती, या कामाला अजून उपयोगी पडतो, कारण तो मराठी शब्दाच्या छटेपासून सुरुवात करतो; शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो मोफत शोधता येतो. त्यातलं इंग्रजी जुनं आहे, म्हणून तिथे सापडलेला शब्द परदेशी विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या एखाद्या इंग्रजी-इंग्रजी कोशात पडताळा आणि व्याख्या सोडून थेट उदाहरणांवर जा. त्या उदाहरणांत क्रियापदाचं कर्म काय आहे तेवढंच पाहा. माणूस आहे, वास आहे, तत्त्व आहे की काम? तुमच्या वाक्यातलं कर्म त्याच जातीचं असेल तर शब्द खुशाल वापरा.